पुणं बघायला आलात आणि बाणेरला उतरलात?

कृष्णाकाठ: काल 'पेठकर' यांनी लिहिलं, की पुणं बघायचं तर पेठेतच उतरावं, बाणेर-वाकडच्या चकाचक हॉटेलांत उतरणारे पुणं न बघताच परत जातात. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

दोन वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं. आईला दगडूशेठ आणि तुळशीबाग चालत करता यावं म्हणून लक्ष्मी रस्त्याच्या आतल्या बोळात लॉज घेतलं. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट 'उद्या सुरू होईल'. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई कठडा धरून, तिरकी होऊन एकेक पायरी चढायची. खिडकी उघडली की समोरच्यांचं स्वयंपाकघर, म्हणून खिडकी बंद. गाडी सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला लावायची. रात्रीत तारीख बदलते हे माझ्या लक्षात आलं नाही, टोइंगवाल्यांच्या आलं.

यंदा बाणेरला उतरलो. तिकडची हॉटेलं कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्यांवर चालतात, त्यामुळे शनिवार-रविवारी भाडं उतरलेलं होतं. लिफ्ट चालू, बाथरूममध्ये धरायला दांडी. आणि पुणं म्हणजे नुसता शनिवारवाडा का हो? आगाखान पॅलेस नगर रस्त्याला, शिंदे छत्री वानवडीत, सिंहगड तर पार तिकडे. पेठेतून निघालं तर पेठेबाहेर पडेपर्यंतच जीव जातो.

पेठकर: बाणेरहून येताना विद्यापीठ चौकातल्या कोंडीत किती वेळ काढलात ते बरं गाळलंत! सकाळी साडेसहाला, दुकानांची शटर वर जायच्या आधी, तांबड्या जोगेश्वरीवरून कसब्यापर्यंत चालत जा. मग बोलू. बाणेरहून निघून ते दिसत नाही. तेव्हा तुम्ही बुफेत इडली वाढून घेत असता.

नळस्टॉप: दोघंही चुकताय. कोथरूडला मेट्रोच्या जवळ उतरायचं. २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाला, तेव्हापासून कसबा पेठ आणि मंडई ही स्टेशनं आहेत. वनाजहून बसा, सिव्हिल कोर्टला बदला, विषय संपला.

कृष्णाकाठ: तोही प्रयोग झाला. सिव्हिल कोर्टला वनाजची गाडी येते वर पुलावर, स्वारगेटची जमिनीखाली ३३ मीटर. सरकते जिने संपेपर्यंत आईची रामरक्षा म्हणून झाली. पण बसायला जागा मिळाली आणि मंडईला बाहेर पडलो, हे कबूल.

मोगरा: मेट्रो-बिट्रो राहू द्या. कृष्णाकाठ, पुण्यात तुमचं कुणीच नाही का? माझा सख्खा भाचा डिसेंबरात बायकोमुलांना घेऊन आला आणि वाकडला उतरला. मला कळलं ते त्याच्या स्टेटसला स्विमिंग पूल दिसला तेव्हा. येणार येणार म्हणून मी माळ्यावरची गादी काढून दोन दिवस गच्चीत उन्हात घातली होती. आले, तासभर बसले, चहा घेतला. तोही बिनसाखरेचा.

कृष्णाकाठ: आत्या आहे, शनिपाराजवळ.

पेठकर: आत्या पेठेत आणि पेठेलाच नावं! वा.

रिकामटेकडा: बरोबर केलंत. नातेवाइकांकडे सकाळी गीझरसाठी नंबर लावा, वर 'अजून एक पोळी घे' ऐका. त्यापेक्षा पैसे मोजावेत.

मोगरा: तुमच्याकडे कुणी येत नसेल, म्हणून सुचतंय असं.

रिकामटेकडा: येत नाही? बाई, मी हडपसरला राहतो. बारा वर्षं माझं घर म्हणजे धर्मशाळा आहे. ॲडमिशनवाले, स्पर्धा परीक्षावाले, लग्नाचा बस्तावाले. एक जण तीन आठवडे राहिला आणि जाताना म्हणाला, 'तुमच्याकडे पाण्याला दाब नाही.' हॉटेलात उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी मनातून हात जोडतो. गादीचं कौतुक आम्हाला सांगू नका.

मोगरा: कौतुक नाही, माणुसकी म्हणतात त्याला. हडपसरला पोचली नसेल.

नळस्टॉप: धागा हॉटेलचा होता ना?

कृष्णाकाठ: भांडू नका, खरं कारण सांगतो. आत्याकडे जुन्या पद्धतीचा संडास आहे आणि आईला खाली बसता येत नाही. हे आत्याला तोंडावर कसं सांगायचं? वाईट वाटेल म्हणून 'ऑफिसनं हॉटेल दिलंय' असं सांगितलं.

मोगरा: अहो, कमोडची खुर्ची मिळते मेडिकलवाल्याकडे. फोन केला असतात तर तिनं आणून ठेवली असती. तुम्ही सगळे परस्पर ठरवता आणि वर आमचंच मन राखलं म्हणता.

कृष्णाकाठ: ...हे खरंच सुचलं नव्हतं. तरी सोफ्यावर मीच झोपणार ना. पण हो, फोन करायला हवा होता.

पेठकर: मीही कबूल करतो, लिफ्ट नसलेल्या लॉजात गुडघेवाल्यांनी उतरू नये. घ्या, लिहून ठेवा. पण गणपतीत आलात तर रस्ते बंद असतात. बाणेरची गाडी डेक्कनला सोडावी लागेल, मग आठवेल पेठ.

नळस्टॉप: मेट्रो चालू असते तेव्हा. पण माझं कोण ऐकतंय.

रिकामटेकडा: मोगराताई, जरा जास्तच बोललो. त्या गादीचं पुढे काय झालं?

मोगरा: माळ्यावर गेली परत. भाचा मे महिन्यात येतोय म्हणे. काढलेली नाही अजून. स्टेटस बघतेय.