जाहिरातीत वय कशाला? पगार लिहा की!

जुना_सेटर:
चाकणची एक जाहिरात ग्रुपवर फिरतेय : ‘व्हीएमसी सेटर पाहिजे. अनुभव १० वर्षे. वय ३० पर्यंत.’ (व्हीएमसी म्हणजे धातू कापणारं संगणकी मशिन, सेटर ते कामासाठी लावून देतो.) दहावी, आयटीआय, मग अप्रेंटिसशिप करून पोरगा विशीत कामाला लागतो. म्हणजे अनुभव पुरा झाला की गडी बाद! अशा अटींवर कायद्यानेच बंदी हवी. अमेरिकेत चाळिशीपुढच्यांसाठी १९६७ सालचा कायदा आहे.

भोसरी_गाळा:
बारा माणसांचं वर्कशॉप चालवतो, म्हणून बोलतो. पंचेचाळिशीतला माणूस येतो. हात चांगला, पण आधीच्या कंपनीत चाळीस हजार घेत असतो. मला पंचवीसच्या वर परवडत नाही. वर नाइट शिफ्ट, जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, मशिनवर हातानेच उचलून लावायचा. ‘कळवतो’ म्हणून जातो, परत फोन नाही. दोघांचा दिवस फुकट. बंदी घाला, जाहिरातीतून वय जाईल. डोक्यातून कसं काढणार?

जुना_सेटर:
मग ‘पगार २५ हजार, नाइट शिफ्ट, लोडिंग हाताने’ असंच लिहा ना. परवडेल तो येईल. तिथे मात्र तुम्ही ‘पगार योग्यतेनुसार’ लिहिता!

एचआरवाली:
अमेरिकेचा तो कायदाही वीसपेक्षा कमी माणसं असतील तर लागू होत नाही, गाळेवाले सुटले. आमच्यासारख्या मोठ्या कंपन्यांचं गणित वेगळं. अप्रेंटिसचा पीएफ भरावा लागत नाही, विद्यावेतनातले महिना दीड हजारापर्यंत केंद्र सरकार देतं. मग लाइनवर पोरंच भरली जातात. ‘तरुण, उत्साही टीम’ वगैरे नंतर सुचतं.

अभ्यासिकावाला:
सरकार तरी काय करतं? एमपीएससीत बहुतेक पदांना वयाची मर्यादा खुल्या गटासाठी ३८, मागासवर्गीयांना ४३. घटनेच्या १६व्या कलमात धर्म, जात, लिंग आहे, वय नाही. आम्हाला नियम, खासगीवाल्यांना बंदी?

जुना_सेटर:
तुमची मर्यादा निदान जाहीर असते. २०१६ मध्ये ती ३३ वरून ३८ झाली. खासगीत कोणाच्या दारात बसायचं?

भोसरी_गाळा:
पगार छापला की शेजारचा गाळा हजार जास्त देऊन माणूस पळवतो. आणि आतले विचारतात, नव्याला पंचवीस, आम्हाला बावीस का?

एचआरवाली:
आत्ता कसं बोललात!

जुना_सेटर:
ते बावीसवाल्यांचं तुम्ही बघा. माझ्या ओळखीचा एक सेटर आहे, वय ४७, पंचवीसला येईल, नाइटलाही तयार आहे. पाठवू का?