डोंगरातील तळी, मासे आणि दूरवरून येणारी रसायने
डोंगरमाथ्यावरील तळ्यांच्या आसपास कारखाने नसल्यामुळे तिथल्या माशांच्या विणीला धोका नाही, असे काही जण म्हणतात; हे मत मला पटत नाही. डीडीटी (कीटकनाशक), पीसीबी (विजेच्या उपकरणांतील तेलात वापरले गेलेले रसायन) यांसारखी रसायने उष्ण प्रदेशात हवेत मिसळतात, वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि थंड उंचीवर बर्फासोबत खाली उतरतात. तिथला मासा सावकाश वाढतो, पुष्कळ वर्षे जगतो, आणि तेवढा काळ ही रसायने त्याच्या चरबीत साठत राहतात. मादी गाभोळी धरते तेव्हा ही चरबी अंड्यांत उतरते, म्हणजे पिल्लाची पहिली शिदोरीच विषारी होते. अमेरिकेतील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात काही नर ट्राउट माशांच्या वृषणांत अंडपेशी आढळल्या आहेत, अर्थात त्याचे खापर एकाच रसायनावर फोडता येत नाही. अशा टिकाऊ विषारी रसायनांवर २००१ च्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराने निर्बंध आले, तरी मातीतील जुना साठा अजून हवेत मिसळतोच आहे.

आपल्या सोलापुरात येणारी चिलापी (तिलापिया मासा) उजनी धरणातली, डोंगरातली नव्हे. पण उजनीत पुण्याकडचे सांडपाणी भीमेवाटे येते, आणि त्यातूनही अशी रसायने येऊ शकतात. ही रसायने पाण्यात फारच कमी विरघळत असल्याने केवळ पाण्याचे नमुने तपासून भागणार नाही. तळाचा गाळ आणि विणीच्या हंगामापूर्वी गाभोळीने भरलेल्या माद्या यांचीही तपासणी व्हावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.