अनुभव धागा : परदेशात नेमकी गावं कुठली, हे कसं ठरवलंत?

मुलुंडची सून :
मे महिन्यात दहा दिवस जायचंय. आम्ही दोघं, सहावीतला लेक आणि सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे कुरकुरतात. नवऱ्याने एक्सेल केलंय, त्यात दहा दिवसांत सात गावं कोंबलीत. नुसतं वाचूनच मला धाप लागली. तिकिटांचे भाव मी शोधीन. तुम्ही कुठलं गाव घेतलंत, कुठलं सोडलंत आणि नंतर काय वाटलं, तेवढं सांगा. फजितीही चालेल.

पार्लेकर काका :
सात? आम्ही नऊ दिवसांत पॅरिस, लुसर्न, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम 'केलं'. केलं हाच शब्द बरोबर, पाहिलं नाही. सकाळी अकराला खोली सोडायची, पुढच्या गावात तीनच्या आधी खोली नाही. व्हेनिसमध्ये मोटारी नाहीत हे माहीत होतं. पुलांना पायऱ्या असतात, हे बॅगा उचलल्यावर कळलं. चौथ्या पुलावर हिने बॅग खाली ठेवली ती ठेवलीच. "मी इथेच बसते, तुम्ही व्हेनिस बघून या." परत गेलो तर फक्त फ्लॉरेन्स आणि रोम, मध्ये फास्ट गाडीने दीड तास.
आणि हो, शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्याच्याकडे करायचा. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. म्हणून आधी गावं पक्की करा, अपॉइंटमेंट नंतर.

कलिन्याची पूरग्रस्त :
२६ जुलै २००५ला कलिन्यात छातीभर पाण्यातून घरी आलेली बाई मी. आणि दिवाळीच्या सुट्टीत पैसे भरून पुरात गेले!
व्हिएतनाम म्हणजे सगळीकडे एकच हवा, असं धरून चालले होते. अगं, हनोई ते हो ची मिन्ह रेल्वेने १,७२६ किलोमीटर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तरेतला पावसाळा सरलेला असतो आणि नेमका तेव्हाच मधल्या किनाऱ्यावर, दा नांग-होई आनला, कोसळत असतो. हनोईत छान कोरडी हवा, अंड्याची कॉफी, सगळं झकास. होई आनला पोचलो त्या संध्याकाळी नदीकाठच्या दुकानातली बाई खालच्या फळीवरचे कंदील उचलून वर ठेवत होती. आधी खालची फळी रिकामी केली, मग मधली. घाई नाही, त्रागा नाही. किंग्ज सर्कलचे दुकानदार पावसाळ्यात माल वर चढवतात ना, अगदी तस्संच. मी नवऱ्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता वरच्या मजल्यावरची खोली माग. सकाळी खिडकीतून बघते तर रस्त्यावरून होडी चाललेली.
दोन दिवस खोलीत. मुलांनी झब्बू देऊन देऊन मला गाढव केलं. आणि उत्तरेतलं निन्ह बिन्ह आम्ही सोडलं का, तर "नाव कोणी ऐकलं नाहीये" म्हणून! होई आन वाईट नाही हं. बहीण मार्चमध्ये गेली होती, तिचे फोटो बघून मी अजून जळते.

स्लो ठाणे :
आमची चूक गावाची नाही, तारखेची. २०२३चा पाडवा बालीत करायचा म्हणून उबुदला गेलो. पाडवा २२ मार्चला, आणि त्याच दिवशी त्यांचा न्येपी. आपलं शके १९४५, त्यांचंही १९४५! पण त्यांचं नववर्ष म्हणजे चोवीस तास मौन. विमानतळ बंद, रस्ते बंद, हॉटेलच्या आवारातच राहायचं, दिवे मंद, मोबाइलचं इंटरनेटही बंद. पाचातला एक दिवस गेला, पण एवढे तारे ठाण्यात आयुष्यभरात दिसले नव्हते.

मालाडकर :
जपान मेमध्ये असेल तर २९ एप्रिल ते ५ मे टाळा. त्यांच्याही सुट्ट्या, सगळीकडे आपली विरार फास्ट. आम्ही दुसऱ्या आठवड्यात गेलो, टोकियो आणि क्योतो, बस्स. हिरोशिमा जिवावर येऊन सोडलं. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० येनवरून ५०,०००वर गेला. टोकियो-क्योतो एकेरी साधारण १४,०००, म्हणजे दोनच गावं असतील तर पास कशाला? टोकियोला उतरलो, ओसाकाहून परतलो. उलटा प्रवास वाचला.

गिरगावकर :
ताई, सासू-सासरे आहेत तर श्रीलंका बघा. तिथे दोन मोसमी पाऊस. मेमध्ये तो बेंतोटा-गॉलच्या बाजूला सुरू होतो, पूर्व किनारा तेव्हा कोरडा. आम्ही हट्टाने बेंतोटा घेतलं होतं. समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल बावटा. ड्रायव्हर म्हणाला, पूर्वेला चला. त्रिंकोमालीला पोचलो तर पाणी न्हाणीघरातल्यासारखं शांत, आणि कड्यावर कोणेश्वराचं देऊळ. वाटेत सिगिरिया लागतं, पायऱ्या हजाराच्या वर. आमचे बाबा खाली बागेत शहाळं पीत बसले, खूश होते.

मुलुंडची सून :
सासूबाईंना कोणेश्वराचं वाचून दाखवलं, त्यांनी लगेच कालनिर्णय काढलं. एक्सेलमध्ये आता तीनच ओळी : कँडी, सिगिरिया, त्रिंकोमाली. चौथी नवरा रात्री गुपचूप घालतो, सकाळी मी काढते. गिरगावकर, त्रिंकोला किती रात्री ठेवल्या होत्यात?