तत्त्वज्ञान मराठीत छापतं कोण?
काहीजण म्हणतात, की तत्त्वज्ञानाचं संशोधन मराठीत छापायला जागाच नाही. अर्धंच खरं! मुंबईत बसून पुण्याचं कौतुक करणं जिवावर येतं, पण पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने १९७३ पासून 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक काढलं, पुढे 'परामर्श' हे मराठी नियतकालिक. तत्त्वज्ञ सुरेंद्र बारलिंगे यांचा त्यात मोठा वाटा. मुळं मात्र अमळनेरची, श्रीमंत प्रताप शेठ यांच्या 'तत्त्वज्ञान मंदिर' या संशोधन संस्थेतली.

मुंबई विद्यापीठात, कलिन्याला एम.ए. करताना 'परामर्श'चे जुने अंक झेरॉक्स करून लोकलमध्ये वाचायचो (बसायला जागा मिळाली तर). तेव्हा कळलं, इंग्रजीत परिभाषा आयती मिळते; मराठीत 'परसेप्शन'ला (इंद्रियांनी होणाऱ्या बोधाला) 'संवेदन' म्हणायचं की भारतीय दर्शनांतला 'प्रत्यक्ष' हा शब्द घ्यायचा, इथेच लेखकाची भूमिका उघडी पडते. जागा आहे हो, लिहिणारे कमी.