प्लाया देल कारमेन: बाहेर खायला किती लागले? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, डिसेंबरात आम्ही चौघं पुन्हा प्लायाला चाललोय. अमेरिकेचा व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे ऑस्टिनकरांचं हे अलिबागच झालंय. विमानाचे, हॉटेलचे आकडे हवे तेवढे मिळतात, खाण्याचे कोणी सांगत नाही.

सुरुवात मीच करतो. २०२३ च्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा डॉलरला जेमतेम सतरा पेसो मिळत होते. 'मेक्सिको स्वस्त' असं ऐकून गेलेल्यांची पहिल्याच रात्री जिरली. किन्ता आवेनिदा म्हणजे समुद्राला समांतर जाणारा, गाड्यांना बंदी असलेला पाचवा रस्ता. तिथे मेन्यूकार्ड उघडून लेक किंचाळली, "बाबा, एकशे नव्वद डॉलरचे टाको!" पेसोचं चिन्ह डॉलरसारखंच असतं. तीन टाको १९० पेसोंना, म्हणजे अकरा डॉलर. सगळ्यांच्या जिवात जीव आला आणि त्या आनंदात इतकं मागवलं की बिल १७०० पेसोंवर गेलं. टिप वेगळी.

कुठे, काय, किती? साल नक्की लिहा, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

दूरदेशी

ग्वादलाहारात नोकरीनिमित्त तीन वर्षं होतो, प्लायाला सुट्टीत दोनदा गेलो. एकच सांगतो: भूक लागली की समुद्राकडे पाठ करून चालायला लागा. समांतर रस्त्यांचे आकडे पाचापाचाने वाढतात, ५, १०, १५ असे. तिसाव्यापर्यंत पोचलात की पाटीवरचं इंग्रजी आणि ताटाची किंमत दोन्ही उतरलेली असते.

दुपारी 'कोमीदा कोर्रीदा' विचारा. ही तिथली खानावळीची थाळी. आधी सूप, मग भात किंवा शेवया, एक मुख्य पदार्थ, तोर्तिया (मक्याच्या पोळ्या) आणि पेलाभर आग्वा, म्हणजे फळाचं नाहीतर फुलाचं सरबत. २०२४ मध्ये मी ११० पेसो दिले. चारनंतर गेलात तर भांडी घासताना दिसतील.

रात्री अल पास्तोर. उभ्या सळईवर मांस फिरत असतं, वर अननस खोचलेला. ही सळईची कला लेबनॉनहून आलेल्या लोकांनी तिकडे नेली. तिसाव्यावर एक टाको २५ पेसो, किन्तावर साठच्या पुढे. आणि टिप देताना कुरकुरू नका. २०२४ साली तिथला सर्वसाधारण किमान रोज २४८.९३ पेसो होता. किन्तावर एक पिन्या कोलादा घेतलं, वर टिप ठेवली, की तेवढे उडतात.

तिरफळ

माझी फजिती. २०२२. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात (नाव नको, चूक माझीच) बर्फावर मासे मांडले होते. आपल्या तांबोशाच्या जातीतला एक लालभडक मासा दिसला आणि मला राहवेना. आचियोते (लाल बियांचा मसाला) आणि आंबट संत्र्याचा रस चोळून केळीच्या पानात भाजतात, तिकिन शिक म्हणतात त्याला. कार्डावर ४८० वाचलं, म्हटलं मालवणहून इतक्या लांब आलोय, होऊ दे खर्च. बिल आलं ८४० चं. ४८० च्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'किलोला' लिहिलेलं, आणि मासा पावणेदोन किलोचा!

घरच्या बाजारात कोळणीला पापलेटाच्या वजनावरून हैराण करणारी मी, तिथे वजनच विचारलं नाही. मासा मात्र असा होता की काटेसुद्धा चोखले. नवरा अजून ऐकवतो.

श्रावणघेवडा

आम्ही शाकाहारी, त्यात सासूबाई बरोबर. (फेब्रुवारी २०२४.) 'सिन कार्ने' म्हटलं की गोमांस, डुकराचं मांस टळतं, कोंबडी टळेलच असं नाही. ती त्यांच्या हिशेबात बरेचदा मांसात धरत नाहीत. राजम्यासारखे फ्रिहोलेसही पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात, म्हणून 'सिन मांतेका' हे शब्द पाठच करा.

किन्तावर व्हेगन वाडगा २४० पेसो. आई म्हणाल्या, "एवढ्याला गवत कशाला?" त्यानंतर सगळं खाणं रस्त्यावर. भोपळ्याच्या फुलांची केसादिया (सारण भरून दुमडलेली तोर्तिया) ३५ ला एक. "फुलांची भजी करतो की आपण!" म्हणून आईंनी तीन खाल्ल्या. मक्याचे दाणे, लिंबू, तिखट, चीज घातलेले एस्कितेस ४५. आणि आग्वा दे हामाइका प्यायल्यावर त्या थांबल्या, पुन्हा एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "ही लाल अंबाडी." खरंच तीच. हॉटेलवर येईपर्यंत भाजीचा विषय चालला होता.

सकाळी तोर्तियेरियातून गरम तोर्तिया आणायचो, किलोवर मिळतात, कागदात गुंडाळून देतात. २५ पेसोंत सगळ्यांची न्याहारी, सोबत घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी.

निवांत

कार्डाच्या मशीनवर 'डॉलर की पेसो' आलं की पेसोच दाबा, डॉलरचा दर त्यांच्या मर्जीचा असतो. मेन्यूतल्या किमतीत १६ टक्के कर धरलेला असतो. टिप कायद्याने ऐच्छिक आहे, रीत दहा ते पंधरा टक्क्यांची. आमच्या एका बिलात 'सेर्विसियो' (म्हणजे टिपच) आधीच लावला होता आणि मी वर पंधरा टक्के ठेवून आलो, म्हणजे दोनदा.

मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, ते उद्धट समजतात. आम्ही शिष्टाचार म्हणून चाळीस मिनिटं वाट पाहिली. त्यात आणखी दोन कॉफ्या झाल्या, १३० पेसोंच्या.

धागाकर्ता

वा, भरपूर मिळालं. तिरफळ, पावणेदोन किलो दोघांत संपवला?! एक विचारायचं राहिलं: बीच क्लबात 'कमीत कमी इतकं खा' अशी अट असते म्हणे. मुलांसकट परवडतं का?

दूरदेशी

आम्हाला माणशी ६०० सांगितले होते. गेलो नाही. मेक्सिकोत किनारा सार्वजनिक असतो, पैसे त्यांच्या खुर्चीचे. पंचा अंथरा, शहाळेवाला येतोच, ६० ला.

श्रावणघेवडा

मुलांना संध्याकाळी मार्केसिता द्या. कुरकुरीत सुरळी, आत किसलेलं एदाम चीज आणि चॉकलेट. ऐकायला विचित्र लागतं, आम्हालाही लागलं. ७० पेसो. आईंनी "चीज आणि चॉकलेट, शी!" म्हटलं आणि माझी अर्धी संपवली.