मुलगी नववीत आहे, खो-खो सोडते म्हणते. काय करावं?

धाराशिवची आई:
पोर पाचवीपासून खेळते. जिल्हास्तर झाल्यापासून मैदानाचं नाव काढत नाही. सर म्हणतात, दहावीला सवलतीचे गुण मिळतील, तेवढं वर्ष काढा. तिचे बाबा म्हणतात, बरं झालं, अभ्यासाला लागेल. तिला विचारलं तर "कंटाळा आला" एवढंच. खो-खोपटू सारिका काळेंना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा हीच पोर नाचली होती. मला चैन पडत नाही.

कबड्डीवाल्याचा बाप, सातारा:
गुणांचं आमिष नको. आमचा मुलगा गुणांपुरता खेळला. दहावीचा निकाल लागला आणि बूट चुलतभावाला देऊन मोकळा झाला.

सांगलीची ताई:
मी विद्यापीठापर्यंत खेळले, आता मुलींचा सराव घेते. आधी विचारा, जिल्ह्याच्या सामन्यात तिला कधी उतरवलं? संरक्षणाला तीन-तीन जणींची तुकडी जाते. पहिल्या तुकडीतली मुलगी शेवटच्या तुकडीत गेली की सगळ्या मैदानाला दिसतं, पण का गेली ते तिला कोणी सांगत नाही. या वयात उंची-वजन झपाट्याने वाढतं. खांबाजवळचं जे वळण डोळे मिटून जमायचं, तिथे पाय उशिरा पडतो. काही महिन्यांत अंग सावरतं हो, पण तोवर पोरीला वाटतं आपला खेळ संपला.

दुसरं, पाळी. स्पर्धेच्या ठिकाणी स्वच्छतागृहाला कुलूप असतं, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी उन्हात सूर मारतात. मी आता पोचल्या पोचल्या आधी किल्ली मागते. शॉर्ट्सच्या आत काळी टाइट्स घालायला परवानगी दिली, तेव्हा घरी बसलेल्या दोघी परत आल्या. हे कुठल्याच मुलीने मला आपणहून सांगितलं नव्हतं.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने जिंकला, तेव्हा आमच्याकडे नव्या मुलींची रीघ लागली. दिवाळीपर्यंत बऱ्याच गळाल्या. टिकल्या त्या बहुतेक मैत्रिणीचा हात धरून आलेल्या.

पुण्यातली विद्यार्थिनी:
माझा खेळ बारावीनंतर सुटला. कॉलेजात मुलींचा संघच नव्हता आणि क्लबचा सराव नेमका क्लासच्या वेळेला. अजून वाईट वाटतं.

धाराशिवची आई:
रात्री भाकरी करताना विचारलं. तिसऱ्या तुकडीत टाकलंय. शिवाय तिची जोडीदारीण संध्याकाळच्या क्लासला जाते, त्यामुळे येताना अंधारात ही एकटीच. सरांशी मी बोलू का?

सांगलीची ताई:
तुकडीचं तिला बोलू द्या, तुम्ही फाटकापाशी थांबा. अंधाराचं मात्र तुम्हीच बोला, आणि जोडीदारणीच्या आईला आजच फोन करा. क्लासची सकाळची बॅच मिळाली तर दोघी परत येतील.