मदत हवी आहे: एमआरआयमध्ये आजार ‘ॲक्टिव्ह’ आलाय, पण भाऊ ठणठणीत आहे

डिचोलीची_पोर:
रिपोर्ट काल हातात आला. शेवटी लिहिलंय, भिंत 6 मिमी जाड, शिरेतून दिलेलं कंट्रास्टचं द्रव्य जास्त घेतेय, आजार ॲक्टिव्ह असावा. इकडे भाऊ दोन्ही वेळा शीत-कडी आणि तळलेला बांगडा हाणतो, वजनही वाढलंय. डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी. औषध वाढवायचं की रिपोर्टच चुकलाय? लवकर सांगा, आईनं जेवण सोडलंय.

मळेकार_72:
कसली भिंत, कसला आजार, कसलं औषध? घराची भिंत म्हणून उघडला धागा.

डिचोलीची_पोर:
क्रोन्स हो, आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार! लहान आतड्याचा शेवटचा तुकडा. वय 24. ॲझाथायोप्रिन, ती प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, तीन वर्षं चालू आहे. आता सांगा.

वैद्यबुवा_फोंडा:
ताक आणि कुटजारिष्ट. पाव, मैदा बंद. माझ्या मेव्हण्याची आव याच्यावर थांबली.

दुसरी_बाजू:
बुवा, आव वेगळी आणि क्रोन्स वेगळा. ताई, कुणाच्या सांगण्यावरून चालू गोळी बंद करू नका. मी स्वतः 11 वर्षांचा क्रोन्सवाला. पोटात काही दुखत नाही म्हणजे आतली सूज गेली असं या आजारात धरता येत नाही. मला काहीही होत नव्हतं आणि आतडं आतून अरुंद होत चाललं होतं.

आकडेमोड:
सोपं आहे. मारिया नावाचा स्कोअर असतो, बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी काढलेला. भिंतीची जाडी गुणिले 1.5, भिंतीनं किती कंट्रास्ट घेतला त्याला 0.02 नं गुणायचं, सूज असेल तर 5, व्रण असेल तर 10. बेरीज 7 किंवा वर गेली की ॲक्टिव्ह, 11 पासून गंभीर. तुमचे नुसत्या जाडीचेच 9 झाले. विषय संपला.

मळेकार_72:
मारिया म्हटल्यावर मला आमची शेजारीण आठवली. तिचाही स्कोअर कायम अकराच्या वर.

मशीनवाला:
विषय संपलेला नाही. मी एमआरआयचा टेक्निशियन. ताई, आधी सांगा, साधा पोटाचा एमआरआय केला की एन्टेरोग्राफी, म्हणजे आतडं फुगवून केलेला? आत जायच्या आधी भावाला काही प्यायला दिलं होतं का? किती प्यायला?

डिचोलीची_पोर:
एन्टेरोग्राफीच. पणजीत केली. काहीतरी गुळचट पाणी दिलं होतं, मोठ्या बाटलीतून. त्याचा आजाराशी काय संबंध?

मशीनवाला:
सगळा संबंध तिथेच आहे. मॅनिटॉलचं ते पाणी साधारण दीड लिटर, 45 ते 60 मिनिटांत संपवायचं असतं. आतडं फुगून ताणलं गेलं तरच भिंतीची खरी जाडी दिसते. ताणलेल्या आतड्याची भिंत 3 मिमीच्या आत हवी. मिटलेलं आतडं रिकाम्या पिशवीसारखं, त्याच्या घड्या जाड दिसतात आणि कंट्रास्टही जास्त घेतल्यासारखा वाटतो. किती प्यायला ते विचारा.

डिचोलीची_पोर:
विचारलं. तीन ग्लास. मळमळायला लागलं म्हणून उरलेलं मी पाठ फिरवल्यावर कुंडीत ओतलं. आज सांगतोय गाढव!

आकडेमोड:
मग माझे 9 धरू नका.

स्कोपच_बरा:
म्हणून म्हणतो, सरळ कोलोनोस्कोपी करा, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून तपासणी. डोळ्यांनी बघितल्यावर वाद नाही.

दुसरी_बाजू:
अल्सरेटिव्ह कोलायटिस असता तर मान्य, तो मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराचा आजार. क्रोन्स भिंतीच्या आरपार जातो आणि स्कोप लहान आतड्यात शेवटच्या थोड्याशा भागापर्यंतच पोचतो. भिंतीबाहेरची चरबी, फिस्टुला (भिंतीला भोक पडून झालेली वाट), गळू हे एमआरआयलाच दिसतं. सीटीतही दिसतं, पण 24 वर्षांच्या पोराला दर वेळी किरणोत्सर्ग कशाला?

स्कोपच_बरा:
बायोप्सी एमआरआय देतो का? आपल्याकडे आतड्याचा टीबीही नेमका त्याच जागी बसतो.

दुसरी_बाजू:
हा मुद्दा बरोबर. पण तीन वर्षं ॲझाथायोप्रिन चाललंय, तर सुरू करण्याआधी बघितलं असेलच ना?

डिचोलीची_पोर:
हो, बायोप्सी झाली होती. टीबी नाही.

सांतान_माडेल:
मला गुडघ्याचा एमआरआय सांगितलाय. आत आवाज खूप होतो का? दात कॅपवाले आहेत.

मशीनवाला:
होतो, कानाला लावायला देतात. कॅपचं तिथे आधी सांगा. ताई, रिपोर्टचा वरचा भाग वाचा. आतडं नीट फुगलं होतं की नाही ते बहुतेक लिहिलेलं असतं. आणि ‘टी2’ नावाच्या फोटोंवर भिंतीत सूज दिसते का, व्रण आहे का तेही बघा. नुसत्या जाडीपेक्षा त्यांना वजन जास्त.

डिचोलीची_पोर:
आईशप्पथ. दुसऱ्याच ओळीत आहे, ‘आतडं पुरेसं फुगलेलं नाही’. आम्ही सगळे शेवटचा परिच्छेदच वाचत बसलो. सुजेबद्दल ‘किंचित’ लिहिलंय, व्रणाबद्दल ‘दिसत नाही’.

दुसरी_बाजू:
‘किंचित’ म्हणजे शून्य नव्हे, लक्षात ठेवा. सोमवारी सीडी घेऊन जा, नुसता कागद नको. जुना स्कॅन असेल तर तोही.

वैद्यबुवा_फोंडा:
ताक मात्र सुरू करा.

डिचोलीची_पोर (सोमवार):
भेटलो. डॉक्टरांनी सीडी लावून बघितली, म्हणाले जाडीवर विसंबता येत नाही, पण सोडूनही देता येत नाही. गोळी आहे तशीच. आधी शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन आणि रक्तातलं सीआरपी, दोन्ही सूज किती ते सांगणाऱ्या तपासण्या. कॅल्प्रोटेक्टिन 250 च्या वर आलं तर स्कॅन पुन्हा, या वेळी बाटली पूर्ण. देव बरें करूं सगळ्यांचं, विशेषतः मशीनवाल्यांचं. आई जेवली.

मशीनवाला:
पुन्हा करायचा झाला तर भावाला सांगा, हळूहळू पण सलग पिऊ दे. त्यानंतर तासाभरात शौचालयाच्या फेऱ्या सुरू होतात, घाबरू नका, मॅनिटॉलचंच काम ते.

डिचोलीची_पोर:
तीन ग्लासांतच परतीच्या कदंब बसमध्ये काय झालं ते मी इथे लिहीत नाही.